दिवाळीत कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचे आहे: लसी पूर्ण असल्या म्हणजे काळजी मिटते का?

सायली_कोथरूड
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासऱ्यांना घेऊन काशी-प्रयागला जायचे ठरले आहे आणि आम्ही सगळेच दहा दिवस घराबाहेर असू. आमचा खंड्या सात वर्षांचा, देशी, पिल्लू असताना रस्त्यावरून आणलेला आहे. घरात तो अतिशय प्रेमळ असतो, पण परक्या माणसाला जवळ येऊ द्यायला वेळ घेतो आणि फटाक्यांना फार घाबरतो. आजवर तो आमच्याशिवाय कधीच कुठे राहिलेला नाही.

आम्ही दोन जागा पाहून आलो. एक शहरातच, बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. तिथे वातानुकूलित खोल्या आहेत आणि कॅमेऱ्याचे चित्र आपल्या फोनवर दिसते. दुसरी मुळशीच्या रस्त्याला शेतघरावर आहे, तिथे भरपूर मोकळी जागा आहे. दोन्हीकडे लसीकरणाची पुस्तिका मागितली, ती पाहिली आणि लगेच होकार दिला. त्याच्या स्वभावाबद्दल, खाण्याबद्दल किंवा आधीच्या आजारांबद्दल कोणी काहीही विचारले नाही. तिथेच माझ्या मनात शंका आली. बोर्डिंगमध्ये खरे धोके कोणते असतात, त्यांपैकी लसीने कोणते टळतात आणि जे टळत नाहीत त्यांसाठी आपण काय करायचे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

निनाद७
आमची लॅब्रॅडोर दरवर्षी बोर्डिंगला जाते आणि मजेत राहते. गाडी त्या गल्लीत वळली की तीच आधी उडी मारायला तयार असते. फार चिंता करू नका. चांगली जागा निवडली की बाकीचे आपोआप जमते.

मिलिंद_वाशी
माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्ट लिहितो. खंड्यासारख्या कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवूच नये. ज्याने आयुष्यभर एकच घर आणि तीच चार माणसे पाहिली, त्याला अनोळखी भुंकण्याच्या गदारोळात दहा दिवस ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. कोणी नातेवाईक घरी येऊन राहत असेल तर तेच करा, नाहीतर यात्रा पुढे ढकला.

निनाद, तुमच्या लॅब्रॅडोरचा अनुभव खरा असेल, पण माणसांत रमणाऱ्या कुत्रीवरून बुजऱ्या कुत्र्याचा अंदाज बांधता येत नाही.

पशुवैद्य_सांगली
सायलीताई, प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण बोर्डिंगची तयारी निघायच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करावी लागते. आधी लसींबद्दल सांगतो.

आपल्याकडे ‘नाइन इन वन’ या नावाने जी लस दिली जाते, तिच्यात डिस्टेंपर, पार्व्हो, अॅडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, करोना आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्यापासून संरक्षण असते. रेबीजची लस वेगळी घ्यावी लागते. केनेल कफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोकल्याचे एक मुख्य कारण ‘बॉर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका’ हा जिवाणू आहे आणि तो या लसीत नसतो. त्याची लस स्वतंत्र असते. नाकात सोडायची असेल तर ती काही दिवसांत काम करू लागते. टोचायची असेल तर पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावे लागतात. बोर्डिंगच्या आदल्या दिवशी घेतलेल्या इंजेक्शनाचा तिथल्या मुक्कामात उपयोग होत नाही. तरीही पुस्तिकेत शिक्का दिसतो आणि तो पाहणाऱ्याचे समाधान होते.

शिवाय केनेल कफ हा एकच रोग नाही. त्यात कधी बॉर्डेटेला असतो, कधी पॅराइन्फ्लुएन्झा, कधी मायकोप्लाझ्मा, कधी कुत्र्यांचा फ्लू आणि अनेकदा एकाच वेळी दोन-तीन. म्हणून लस घेतलेल्या कुत्र्यालाही खोकला होऊ शकतो, मात्र तो सहसा सौम्य राहतो. लागण झाल्यापासून खोकला सुरू होईपर्यंत साधारण दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत काळ जातो. त्यामुळे आज निरोगी दिसणारे कुत्रे उद्या शेजारच्या पिंजऱ्यातल्या तिघांना खोकला देऊ शकते, आणि आपले कुत्रे घरी परतल्यावर आठवड्याने खोकू लागते तेव्हा पुष्कळांना बोर्डिंगची आठवणही होत नाही. अमेरिकेत २०१५ च्या वसंत ऋतूत शिकागो परिसरात एच३एन२ जातीचा फ्लू पसरला, तेव्हा तिथली अनेक बोर्डिंग केंद्रे आणि पाळणाघरे काही काळ बंद ठेवावी लागली होती. एका छपराखाली, एकाच हवेत पुष्कळ कुत्री असणे हेच त्याचे मूळ आहे.

वातानुकूलित खोल्यांविषयी एक सांगतो. गारवा चांगला असतो, पण बंद खोलीत तीच हवा फिरत राहिली तर खोकल्याच्या दृष्टीने ती उघड्या जाळीच्या खोलीपेक्षा वाईट. बाहेरची ताजी हवा आत कुठून येते, हे विचारून घ्या.

सायली_कोथरूड
डॉक्टर, मनापासून आभार. पुस्तिका पाहिली; बॉर्डेटेलाची लस दिलेली नाही आणि दोन्ही ठिकाणी ती कोणी विचारली नाही. या आठवड्यात घेऊन येते. पार्व्होची भीती सात वर्षांच्या कुत्र्यालाही असते का?

पशुवैद्य_सांगली
वेळेवर लस घेतलेल्या प्रौढ कुत्र्याला तो धोका फार कमी असतो. पिल्लांना मात्र पार्व्हो जीवघेणा ठरतो. तरी बोर्डिंगची स्वच्छता तपासायला हा विषाणू चांगला मापदंड आहे. विष्ठेतून पडलेला पार्व्हो जमिनीवर, भांड्यांवर, चपलांवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने तो खात्रीने मरत नाही. त्याला घरगुती ब्लीच एकास तीस या प्रमाणात पाण्यात मिसळून लागते. आधी घाण साफ केलेली असावी लागते आणि नंतर फरशी निदान दहा मिनिटे त्या पाण्याने ओली राहावी लागते. कुठलेही द्रावण वापरले तरी कुत्र्यांना आत सोडण्यापूर्वी ती जागा धुवून कोरडी करायला हवी. हे सगळे न अडखळता सांगणारा कर्मचारी ज्या जागी असेल, ती जागा बरी. तीन महिन्यांखालची, लसी अपुऱ्या असलेली पिल्ले ते ठेवून घेतात का, हेही विचारा. घेत असतील तर बाकीचे नियमही ते सैलच पाळत असणार, असे मी धरून चालतो.

आर्याची_आई
मी ठाण्याहून लिहिते आहे. लसींवर चर्चा झाली, पण आपल्या हवामानात मला सर्वांत जास्त भीती गोचिडांची वाटते, कारण त्यांच्या तापावर लसच दिली जात नाही. आमची आर्या बोर्डिंगहून आली तेव्हा छान होती. दोन आठवड्यांनी तिचे खाणे कमी झाले, ताप चढला, हिरड्या फिकट दिसू लागल्या आणि पोटावर बारीक लाल ठिपके उमटले. रक्त तपासले तर प्लेटलेट्स धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या होत्या. एर्लिकिया हा गोचीडताप निघाला. चार आठवडे डॉक्सीसायक्लिन द्यावे लागले. ती वाचली, पण ते दिवस आठवले की अजून काळजात धस्स होते.

आपल्याकडची तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे, पत्र्याच्या सांध्यांत राहते. एक मादी हजारांनी अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी काढल्या तरी पिंजऱ्याच्या भिंतीत पुढची पिढी तयारच असते. ज्या जागी दिवाळीपूर्वीच्या महिन्यात कुत्र्यांची ये-जा झाली, तिथे दिवाळीत जाणाऱ्या कुत्र्याला त्या चावण्याची भीती असतेच. म्हणून सायलीताई, जागा पाहायला जाल तेव्हा भिंतींचे कोपरे, गाद्यांच्या शिवणी आणि झोपायच्या फळ्यांच्या खालची बाजू जवळून पाहा.

पशुवैद्य_सांगली
आर्याच्या आईंनी लिहिलेले प्रत्येक लक्षण नीट वाचून ठेवावे. गोचीड चावल्यापासून काही तासांतच एर्लिकियाचे जंतू रक्तात उतरू शकतात, त्यामुळे संध्याकाळी घरी आणून गोचिडी वेचल्या की झाले, असे होत नाही. महिनाभर किंवा तीन महिने काम करणारी गोळी निघण्यापूर्वीच दिलेली असावी आणि मुक्कामाच्या मध्येच तिची मुदत संपत नाही ना, हे कॅलेंडरवर पाहावे. बेबेसिया हा दुसरा गोचीडताप. त्यात लघवी गडद, चहासारखी दिसू शकते. हिरड्या पांढुरक्या आणि लघवी गडद, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

शेरूचे_आजोबा
डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळीबद्दल एक पुरवणी जोडतो. आमच्या शेरूला फिट्स येतात आणि तो फिनोबार्बिटलवर आहे. गोचिडांसाठी ज्या नव्या प्रकारच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांच्याविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला होता की काही कुत्र्यांत त्यांनी थरथर किंवा फिट येऊ शकते. ज्यांच्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी देऊ नये.

औषधे चालू असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांचा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो. फिटचे औषध दिवसातून दोनदा, ठरावीक अंतराने जावे लागते. ते एकाएकी बंद पडले तर मोठी, न थांबणारी फिट येण्याचा धोका असतो. मधुमेह असलेल्या कुत्र्याने जेवण टाकले आणि कोणी नेहमीच्याच मात्रेने इन्सुलिन टोचले, तर साखर उतरून ते कोसळते. बोर्डिंगमध्ये पहिल्या दिवशी न जेवणारी कुत्री पुष्कळ असतात, म्हणजे हे दोन्ही धोके एकाच दिवशी येतात. ‘हो, देऊ की औषध’ एवढ्या उत्तरावर मी शेरूला कुठेच सोडत नाही. कोण देणार, किती वाजता देणार, कुठे लिहून ठेवणार आणि गोळी थुंकली तर काय करणार, एवढे विचारतो. आमच्या दवाखान्याच्याच वर कुत्र्यांना ठेवून घेण्याची सोय आहे. ती महाग पडते, पण मला तिथेच झोप लागते.

माळरान
मी कर्जतजवळ छोटे बोर्डिंग चालवतो. धागा वाचत होतो, आता दुसऱ्या बाजूने लिहितो. मिलिंदरावांचा राग मी समजू शकतो, पण सगळ्या जागा एका मापाने मोजू नयेत.

सायलीताई, स्वभाव न विचारता होकार देणाऱ्या जागेविषयी तुमची शंका योग्य आहे. माझ्याकडे नवीन कुत्रे येणार असेल तर आधी एक दिवस आणि मग एक रात्र राहून गेल्याशिवाय मी मोठा मुक्काम घेत नाही. सणांच्या आठवड्यात तर नवीन कुत्रे घेतच नाही. दिवाळी, नाताळ आणि मे महिना हे या धंद्याचे कमाईचे दिवस असतात. नेमक्या त्याच दिवसांत पिंजऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त कुत्री घेतली जातात, स्वयंपाकघराच्या ओट्याखालीसुद्धा कुत्री बांधली जातात आणि कामाची मुले आपापल्या गावी गेलेली असतात. म्हणून एरवी किती कुत्री असतात हे विचारून उपयोग नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री किती असतील आणि त्यांच्याजवळ झोपायला कोण असेल, हे विचारा. पुष्कळ ठिकाणी रात्री नऊला दिवे मालवले की सकाळी सहापर्यंत कुत्र्यांच्या आसपास एकही माणूस नसतो. मारामारी, पोटफुगी, फिट, पळून जाणे यांतले काहीही त्या नऊ तासांत घडले तर कळते ते सकाळीच. कॅमेरा असतो, पण पहाटे तीनला तो पाहत कोण बसलेले असते?

पालकांनाही एक विनंती आहे. कुत्रे चावले असेल तर सांगा. माजावर येणार असेल तर सांगा. खोकत असेल तर आणू नका. तिकिटे काढलेली आहेत म्हणून खोकणारे कुत्रे गाडीतून उतरवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना परत पाठवताना शिव्याही ऐकल्या आहेत. सगळ्या मुक्कामाला पुरेल एवढे नेहमीचे खाणे बरोबर द्या. घरचा दूधभात खाणाऱ्या कुत्र्याला एकदम पॅकेटचे खाणे दिले की तिसऱ्या दिवशी जुलाब ठरलेले.

मिलिंद_वाशी
माळरान, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले, याबद्दल आभार. पण तुमच्या लिखाणानेच माझे म्हणणे पक्के होते. सणाच्या दिवसांत परिस्थिती अशी असेल, तर दिवाळीत बुजऱ्या कुत्र्याला नव्या जागी ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो. घरीच माणूस ठेवावा.

आर्याची_आई
घरी माणूस ठेवण्यातही धोके आहेत, मिलिंद. आमच्या शेजारी दिवसातून दोनदा येणारी मुलगी ठेवली होती. उरलेले वीस-बावीस तास कुत्रा एकटाच होता. फटाक्यांच्या रात्री त्याने दार ओरबाडून नखे रक्तबंबाळ केली. दुसऱ्या दिवशी तिने दार उघडताच तो तिच्या पायांमधून निसटून जिन्याने खाली पळाला आणि दोन दिवसांनी सापडला. रात्री मुक्कामाला राहणारा, कुत्र्याच्या ओळखीचा माणूस असेल तर घरासारखे काही नाही, हे मलाही मान्य आहे. तसा माणूस मिळाला तर ना!

श्वानसखी
मी कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते, म्हणून ताणाविषयी सविस्तर लिहिते.

ताण हा केवळ मनाचा विषय नाही, तो रक्तात आणि लघवीत मोजता येतो. अमेरिकेत ओहायो राज्यात १९९७ मध्ये मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवाऱ्यात आणलेल्या कुत्र्यांचे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात रक्तात वाढणारे संप्रेरक, मोजले. पहिल्या तीन दिवसांत ते घरच्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होते आणि मग हळूहळू उतरले. निवारा आणि बोर्डिंग एक नव्हे, पण अनोळखी जागा, अनोळखी वास, कोंडलेपण आणि आवाज हे दोन्हीकडे सारखेच असते. बंद केनेलमध्ये भुंकण्याचा आवाज १०० डेसिबलच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत, आणि कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. कॉर्टिसॉल बराच काळ चढे राहिले की प्रतिकारशक्ती मंदावते. डॉक्टरांनी सांगितलेला खोकला आणि पोटाचे विकार अशा वेळी सहज पकडतात. आजार आणि ताण अशी दोन वेगळी खाती मांडता येत नाहीत, ते यामुळेच.

ताणाची खूण म्हणजे सतत भुंकणे, असे लोक धरतात. मला जास्त काळजी गप्प कुत्र्यांची वाटते. कोपऱ्यात पाठ टेकून बसलेले, शेपूट पोटाशी घेतलेले, जांभया देणारे, ओठ चाटणारे, पाण्याकडेही न जाणारे कुत्रे कॅमेऱ्यात शहाणे दिसते आणि ‘अगदी त्रास देत नाही हो’ असा निरोप येतो. काही कुत्री पंजे चाटून जखमा करतात, काही भिंतीवर शेपूट आपटून तिचे टोक फोडून घेतात, काहींना शेंबडासारखा चिकट जुलाब होतो आणि त्यात रक्ताचा धागा दिसतो. घरी आल्यावर बसलेला आवाज हा कित्येकदा नुसता भुंकून घोगरा झालेला असतो. तो दोन-तीन दिवसांत सुटतो. घशात काही अडकल्यासारखा कोरडा, ठसक्याचा खोकला, शेवटी ओकारी आल्यासारखे करणे, ही मात्र केनेल कफची खूण आहे.

आता मिलिंद यांच्या मुद्द्याकडे येते. बुजऱ्या कुत्र्याला अचानक दहा दिवस ठेवणे वाईट, हे मला मान्य आहे. पण ‘कधीच नको’ हे मान्य नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केनेलची आधी सवय करून दिलेल्या लॅब्रॅडोर कुत्र्यांना पुढे केनेलमध्ये ठेवले तेव्हा त्यांचा ताण सवय नसलेल्यांपेक्षा कमी आढळला होता. निनाद यांची कुत्री त्या गल्लीत उडी मारते, कारण तिला परत घ्यायला येतात हे तिला ठाऊक झाले आहे. खंड्याला हे शिकवता येईल. फक्त दिवाळीच्या आठवड्यात नाही. आतापासून सुरुवात करा. आधी एक तास, तोही तुमच्यासमोर. मग तुमच्याशिवाय एक दुपार, मग एक रात्र. पहिल्या रात्री तो जेवला का, झोपला का, शी कशी झाली, हे तिथल्या माणसाला विचारा. त्याला सांगता आले नाही तर जागा बदला.

निनाद७
श्वानसखी, हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे पिल्लू असतानाच तिला अधूनमधून तिथे सोडायची सवय झाली होती. सायलीताई, माझा पहिला सल्ला खंड्याला जसाच्या तसा लागू होणार नाही.

दापोलीकर
शेतघराची मोकळी जागा पाहून आपण भुलतो, म्हणून कोकणातून दोन गोष्टी लिहितो. पहिली गोष्ट लेप्टोची. धान्याच्या कोठारात आणि पाण्याच्या डबक्यांत उंदरांची लघवी मिसळते. कुत्रा ते पाणी पितो किंवा जखमी पायाने त्यातून जातो आणि आठवडा-दीड आठवड्याने ताप, उलट्या, पिवळे डोळे दिसू लागतात. हा रोग कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो, त्यामुळे घरात म्हातारी माणसे असतील तर दुप्पट सावध राहावे. परतीच्या पावसानंतरचा काळ यासाठी वाईट. दुसरी गोष्ट घोणशीची. भातकापणीच्या दिवसांत ती बांधावर, पेंढ्यात हमखास असते, आणि कुत्रा नाक खुपसतो म्हणून चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. प्रतिसर्पविष कुत्र्यांनाही देता येते, पण ते जवळच्या कुठल्या दवाखान्यात मिळते आणि रात्री तिथवर गाडी कोण नेणार, हे शेतघराच्या मालकाला आधीच माहीत असायला हवे.

सायली_कोथरूड
दापोलीकर, मुळशीच्या जागेला लागून भातखाचरेच आहेत. हा विचार आमच्या मनात आलाच नव्हता.

हेमांगी_लीड्स
इंग्लंडमधली पद्धत सांगते. इथे कुत्र्यांच्या बोर्डिंगसाठी परवाना लागतो. १९६३ पासून त्यासाठी कायदा होता आणि इंग्लंडमध्ये २०१८ पासून नवी नियमावली लागू झाली. स्थानिक प्रशासनाचा निरीक्षक येऊन जागा पाहतो, एक ते पाच तारे देतो आणि त्यानुसार परवाना एक, दोन किंवा तीन वर्षांसाठी मिळतो. तो दर्शनी भागात लावावा लागतो. किती कुत्री ठेवता येतील याचा आकडा ठरलेला असतो. आजारी कुत्र्याला वेगळे ठेवण्याची सोय दाखवावी लागते आणि घरगुती बोर्डिंगमध्ये दोन घरांची कुत्री एकत्र ठेवायची तर दोन्ही मालकांची लेखी संमती लागते. खोकला इथेही पसरतो आणि आमच्या कुत्रीला झालाही आहे. पण तो पसरल्यावर केंद्राने सर्व मालकांना फोन करून कळवले, त्यामुळे आम्हाला वेळेत दवाखाना गाठता आला. भारतात अशी काही व्यवस्था आहे का?

वकील_नाशिक
केंद्राचे २०१७ चे नियम कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीसाठी आहेत आणि २०१८ चे नियम पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी. त्यांचा मुख्य भर ठेवून घेणाऱ्या केंद्रांवर नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, पण त्याच्या ११ व्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे. त्यापेक्षा मालकाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जास्त उपयोगी पडतो, कारण पैसे घेऊन कुत्रा सांभाळणे ही सेवा आहे आणि तिच्यातील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

त्यासाठी कागद हवा. कुत्रा सोडताना त्याचे वजन, तब्येत, चालू औषधे, लसींच्या तारखा आणि त्या दिवशीचे छायाचित्र असलेली पावती करून घ्या. ‘प्राण्याला काहीही झाल्यास केंद्र जबाबदार नाही’ अशी ओळ छापील अर्जात बहुतेक ठिकाणी असते. ती न वाचता सही करू नका. निष्काळजीपणाची जबाबदारी अशा एका ओळीने झटकता येते, असे समजायचे कारण नाही. मात्र उलट दिशेने एक लेखी संमती अवश्य द्या: आमच्याशी संपर्क झाला नाही तर अमुक डॉक्टरांकडे न्यावे आणि अमुक रकमेपर्यंत उपचार आमच्या परवानगीची वाट न पाहता सुरू करावेत. प्रवासात फोन लागत नाही म्हणून उपचार खोळंबल्याची प्रकरणे माझ्यापर्यंत आलेली आहेत.

माळरान
वकीलसाहेबांनी सांगितलेले ते संमतिपत्र मी प्रत्येकाकडून घेतोच. पोटफुगीत तर मिनिटे मोजावी लागतात. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून पीळ पडतो. कुत्रे ओकण्यासाठी जोर लावते, पण काही पडत नाही आणि पोट ताठ होते. त्या वेळी मालकाला फोन लावत बसलो तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

पशुवैद्य_सांगली
माळरान यांच्या मुद्द्यात भर घालतो. पोटफुगीचा धोका भित्र्या आणि घाईने खाणाऱ्या कुत्र्यांत जास्त असतो. बोर्डिंगमध्ये शेजारी दुसरा कुत्रा खात असला की पुष्कळ कुत्री घाईने गिळतात, म्हणून प्रत्येकाला वेगळे, आडोशाला खायला घालावे. मे महिन्यात जाणाऱ्यांसाठी आणखी एक: पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. उष्माघात झालाच तर आधी अंगावर पाणी ओतून पंख्याखाली गार करायला सुरुवात करावी आणि मग दवाखान्याकडे निघावे.

सायली_कोथरूड
सर्वांचे उत्तर वाचून आम्ही दोन्ही जागी पुन्हा गेलो आणि या वेळी रात्रीबद्दलच विचारले. मुळशीच्या जागेचा राखणदार फाटकापाशी झोपतो आणि कुत्र्यांच्या खोल्या तिथून लांब आहेत. जवळ कोणता दवाखाना आहे, याचे उत्तर त्यांना देता आले नाही. शहरातल्या जागेत माणूस रात्री असतो, पण दिवाळीत किती कुत्री असतील हे सांगायला ते तयार नव्हते आणि समोरच्याच मैदानात फटाके उडतात. दोन्ही जागा आम्ही सोडल्या.

मग आमच्या डॉक्टरांच्या ओळखीने भोरच्या बाजूला राहणारे एक निवृत्त जोडपे सापडले. ते आपल्या राहत्या घरात एका वेळी दोनच कुत्री ठेवून घेतात. मिलिंद, घरी येऊन राहील असे आमच्या ओळखीचे कोणी खरोखरच नाही. आम्ही श्वानसखी यांनी सांगितल्याप्रमाणे आधी तासभर त्यांच्याकडे बसलो, पुढे खंड्याला एक दुपार सोडले आणि या शनिवारी तो रात्री राहिला. काकूंनी न विचारता सगळे सांगितले: रात्री जेवला नाही, दाराशी बसून राहिला, माझी जुनी ओढणी दिल्यावर तिच्यावर झोपला, सकाळी दहीभात खाल्ला. निघण्यापूर्वी आणखी एकदा दोन रात्री ठेवणार आहोत. बॉर्डेटेलाची लस झाली आहे आणि गोचिडीची गोळी मुक्काम संपेपर्यंत पुरेल अशा बेताने दिली आहे. फटाक्यांचे मात्र अजून सुटलेले नाही. तिथे आवाज कमी असतो, पण अजिबात नसतो असे नाही. त्या रात्रीसाठी औषध देता येईल का?

मिलिंद_वाशी
सायलीताई, इतकी तयारी करून ठेवणार असाल तर माझा आक्षेप राहिलेला नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्या काकूंना फोन मात्र अवश्य करा.

पशुवैद्य_सांगली
औषध देता येते, पण ते तुमच्या डॉक्टरांनी खंड्याला तपासून, वजन पाहून लिहून दिलेले असावे. ते पहिल्यांदा दिवाळीच्या रात्री परक्या घरी देऊ नका. आधी एकदा तुमच्यासमोर, घरी द्या. किती वेळाने चढते, तो किती सुस्त होतो, उलटी होते का, हे पाहा आणि ते काकूंना लिहून द्या. फटाके सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग कमी होतो. डॉक्टर सांगतील तितका वेळ आधी, म्हणजे अंधार पडण्यापूर्वीच ती पोटात गेलेली असावी. माणसांची झोपेची, सर्दीची किंवा दुखण्याची कोणतीही गोळी देऊ नये, हे काकूंनाही सांगून ठेवा. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन घराघरात असतात आणि दोन्हींनी कुत्र्यांना विषबाधा होऊ शकते. खंड्याला संध्याकाळी लवकर फिरवून आणावे आणि फाटकाबाहेर नेताना पट्ट्याबरोबर छातीचा हार्नेसही घालावा. घाबरलेला कुत्रा नुसत्या पट्ट्यातून मान काढून घेतो. पट्ट्यावर तुमच्या नंबरासोबत काकूंचाही नंबर असू द्या.

परत आल्यावर पहिल्या दोन दिवसांत तो पुष्कळ झोपेल आणि पाणी जास्त पिईल, त्याने घाबरू नका. दोन आठवडे त्याला सोसायटीतल्या पिल्लांपासून आणि म्हाताऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा. तीन आठवडे रोज हिरड्यांचा रंग आणि लघवी पाहा, कान, काखा आणि बोटांच्या फटी चाचपून गोचिडी शोधा, आणि जेवण एक दिवसही टाकले तर ताप मोजा. गुदद्वारातील तापमान १०२.५ अंश फॅरनहाइटपर्यंत सामान्य असते. त्याहून जास्त आले आणि तो मलूल वाटला तर रक्त तपासून घ्या, आणि दवाखान्यात गेल्या गेल्या बोर्डिंगच्या तारखा सांगा.